इयत्ता पाचवी, पान दुसरीचं

गेल्या पावसाळ्यात बालाघाटच्या डोंगरातल्या एका द्विशिक्षकी शाळेत एक दिवस काढला. नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या पट्ट्यात अशा शाळा पैशाला पासरी आहेत. दोन खोल्या, एक व्हरांडा, पट एकेचाळीस. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी ते पाचवी. मोठ्या खोलीच्या भिंतीवर देणगीत मिळालेला भलामोठा टीव्ही होता आणि त्याला जुन्या अभ्र्याचा झगा शिवून घातला होता. खाली संगमरवरी पाटी : देणगीदार, प्रमुख पाहुणे, शुभहस्ते, तारीख. टीव्ही कधी लावता, असं विचारल्यावर सर म्हणाले, "बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलाय. पण धूळ बसू देत नाही आम्ही."

पाचवीतल्या एका मुलाला वाचायला सांगितलं. त्याने मराठीचं पुस्तक उघडलं आणि धडा खडाखडा म्हणायला लागला. बोट ओळीवर, पण तोंड बोटाच्या चार शब्द पुढे. पान उलटायच्या आधीच त्याने पुढच्या पानावरची ओळ म्हणून टाकली. सर हळूच म्हणाले, "पाठ म्हणतंय ते." मग त्यांनी दुसरीचं पुस्तक आणून मधलंच एक पान त्याच्यापुढे धरलं. 'पाऊस', 'बाजार', 'आजी' चाचपडत का होईना, निघाले. 'सूर्य' आला आणि गाडी थांबली. 'सू' म्हणून झाला, 'य' म्हणून झाला, आणि वरच्या रफाराकडे तो असा बघत राहिला, की तिथे कुणाच्या हातून शाईच सांडली असावी. वर्गात रफार शिकवून झाला तेव्हा हा आईबापांबरोबर उसाच्या फडावर होता. दिवाळी झाली की गावातल्या कोयत्याच्या जोड्या निघतात, त्या उन्हाळा लागला की परततात, आणि बराचसा पट त्यांच्या मागोमाग जातो-येतो. पोर परत येतं ते त्याच इयत्तेत बसतं आणि जूनमध्ये वरच्या इयत्तेत जातं. हजेरीपटावर मागचे महिने कोरे राहतात, डोक्यातही तेवढेच कोरे.

गणितातही तेच. ५२ वजा १७ चं उत्तर त्याने ४५ लिहिलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. हातच्याची कटकटच नको. मोठ्यातून लहान वजा करायचा, मग मोठा वर असो की खाली. मी म्हटलं, "तुझ्याकडे पन्नासची नोट आहे आणि दोनचं नाणं आहे. सतरा रुपयांचा साबण आणलास. किती उरले?"

"पस्तीस."

विचार केल्यासारखंही दाखवलं नाही त्याने. फडावर दुकानातून मीठ-मिरची-साबण आणायचं काम त्याच्याकडेच असतं, आणि एक रुपया कमी आणला तर आई विचारते.

हा काही एकट्या बालाघाटातला चमत्कार नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची नेमकी हीच तपासणी केली. २०२५ मध्ये ती 'नेचर' या नियतकालिकात छापून आली. तीन-चार जिन्नसांचा हिशेब तोंडी बिनचूक करणारी मुलं कागदावरच्या साध्या वजाबाकीला अडली. उलट, नुसती शाळेत जाणारी मुलं कागदावर त्यांच्यापेक्षा बरी, पण बाजारातल्या हिशेबाला बसवल्यावर गडबडली. दोन्ही गणितं मुलांच्या डोक्यात आहेत, पण त्यांची एकमेकांशी ओळखच कुणी करून दिलेली नाही. ती करून द्यायला किती खर्च येतो? दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, काही सुट्या काड्या आणि खेळातल्या नोटा. गठ्ठा सोडला की दहा सुट्या होतात, हे एकदा हाताने केलं की हातचा म्हणजे काय ते कळतं. आपण मात्र मुलांना हातचा 'घ्यायला' शिकवतो, तो कुठून घ्यायचा हे सांगत नाही. (बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' छापलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता. संख्यावाचनावर विनोद झाले, विधिमंडळात भाषणं झाली. पोरांना बावन्नातून सतरा वजा करता येतात का, हे मात्र त्या गदारोळात कुणी विचारल्याचं आठवत नाही.)

तर हा मुलगा पाचवीत बसतो, पाचवीचे धडे 'घेतो' आणि त्याचा अभ्यासक्रम रीतसर पूर्ण होतो. असा तो एकटा असता तर लेख लिहायची गरज नव्हती. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभरातल्या जेमतेम २७ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीतही तो शंभरातल्या ४९ जणांनाच आला. म्हणजे पाचवीची अर्धी मुलं दोन-तीन वर्षं त्यांना न वाचता येणाऱ्या पुस्तकांपुढे बसून आहेत. गुरुजी फळ्याकडे बघून शिकवतात आणि अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघून शिकतो.

आपल्याकडे शाळा सुधारायची म्हटली की आधी वस्तूंची यादी निघते. टॅब, प्रोजेक्टर, बोलक्या भिंती, ई-लर्निंगचा संच. त्याचं कारण सोपं आहे. वस्तूचं उद्घाटन करता येतं, तिच्यावर पाटी लावता येते. 'तिसरीतल्या अकरा मुलांना रफार वाचता यायला लागला' याची फीत कुठून कापणार? नारळ कशावर फोडणार?

नुसत्या वस्तू वाटल्याने काय होतं, हे पश्चिम केनियात बघून झालंय. बॅनर्जी-द्युफ्लो यांच्याबरोबर २०१९ च्या नोबेलचे मानकरी ठरलेले मायकेल क्रेमर यांनी नव्वदच्या दशकात तिथल्या शाळांत पाठ्यपुस्तकं फुकट वाटून पाहिली. तोवर अनेक मुलांत मिळून एक पुस्तक, अशी गत. पुस्तकं आली तरी सरासरी मुलाचे गुण हलले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. ज्याला वाचता येतं त्यालाच पुस्तकाचा उपयोग, इतकं ते सरळ होतं, पण सिद्ध करायला वर्षं गेली. फळ्याला टांगायचे रंगीत तक्ते वाटून पाहिले, तेही निष्फळ. पोटातल्या जंतांच्या गोळ्या दिल्या तेव्हा मात्र गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. गोळीचा खर्च इतका नगण्य, की तिचा समारंभ करायलाही लाज वाटावी.

दुसरा धडा आपल्या घरचाच आहे. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. महापालिकेच्या शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर काढायचं आणि वस्तीतल्याच एका मुलीने त्यांना तिथे अक्षरं-अंक शिकवायचे, असा तिचा एक कार्यक्रम. मुलीला नाव दिलं बालसखी. शिक्षण दहावी-बारावी, मानधन महिना पाचशे ते साडेसातशे. मुंबई आणि वडोदरा इथे २००१ पासून त्याचं मोजमाप झालं, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलांचे गुण स्पष्ट वाढलेले दिसले. त्यातही एक गंमत आहे. मागची मुलं बाहेर गेल्यावर वर्गात उरलेल्यांची संख्या कमी झाली, तरी त्यांचा फारसा फायदा झाला नाही. म्हणजे नुसता पट हलका झाल्याने काही होत नाही. जो जिथे अडलाय तिथून त्याला शिकवल्याने होतं. आणि हेही सांगायला हवं, की बालसखी थांबल्यावर वर्षभरात त्या वाढीचा बराच भाग विरून गेला. हे काम एकदा करून सोडून देण्याचं नाही. शेतासारखं आहे, दरसाल नांगरावं लागतं.

वडोदऱ्यातच संगणकावर गणिताचे खेळ देऊन पाहिले आणि त्यातून चांगला फायदा झाला, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण त्या खेळात पुढचं गणित कोणतं यायचं, ते मुलाच्या आधीच्या उत्तरावर ठरत होतं. अभ्र्याखालच्या टीव्हीला मीटर असता तरी त्याने तिसरी ते पाचवीच्या सगळ्या मुलांना एकच धडा एकाच वेगाने दाखवला असता. तसं करायला सर होतेच की.

या सगळ्यात मला सगळ्यात बोचरी वाटते ती बिहारची गोष्ट. तिथे सरकारी शिक्षकांना मूल अडलंय तिथून शिकवण्याची हीच पद्धत शिकवली, साहित्य दिलं, आणि शाळेच्या नेहमीच्या दिवसांत काडीचा फरक पडला नाही. २००८ च्या उन्हाळ्यात त्याच सरकारी शिक्षकांनी महिनाभराच्या शिबिरात तीच पद्धत वापरली, आणि मुलांचं वाचन सुधारलं. माणसं तीच, प्रशिक्षण तेच. फरक एवढाच, की उन्हाळ्यात 'धडा कितवा झाला' हे विचारणारं कुणी नव्हतं. सुट्टी संपली की गुरुजी पुन्हा अभ्यासक्रमाच्या मागे. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात शाळेच्या वेळेतलाच एक तास वेगळा काढला, इयत्ता मोडून मुलं पातळीप्रमाणे बसवली आणि केंद्रावरच्या अधिकाऱ्यांना त्याच तासाची देखरेख दिली. तिथे हिंदीचं वाचन सुधारलं. तासच सुधारला म्हणा ना. कारण तो तास कशासाठी, यावर वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे : साधनं तुटपुंजी असलेल्या शाळेतली सगळ्यात दुर्मीळ चीज म्हणजे शिक्षकाचा एक अखंड तास, आणि आपण नेमका तोच उधळतो. मतदारयादीसाठी बीएलओचं काम, यू-डायसची माहिती, आधार जोडणी, पोषण आहाराचा साठा, चव नोंदवही, आणि दिवसभर व्हॉट्सॲपवर 'सर्व मुख्याध्यापक, तात्काळ'. माहिती नसेल तर 'निरंक' कळवायचं, पण कळवायचं. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक कार्यालयीन कामात अडकला की दुसऱ्याच्या गळ्यात पाच इयत्ता पडतात. कुणी म्हणेल, रोजचा तासभर गेला तर असं काय बिघडलं? मोठ्या शाळेत फार बिघडत नाही. इथे मात्र तोच तास रफाराचा असतो.

इयत्ता मोडून शिकवणं हे आपल्याला नवं नाही. पंतोजींच्या शाळेत इयत्ताच नव्हत्या. धूळपाटीवर अक्षर गिरवणारं पोर, उजळणी म्हणणारं पोर आणि पावकी-निमकी-दिडकी घोकणारं पोर एकाच ओसरीवर, आणि थोरल्याने धाकट्याला घ्यायचं ही रीत. पंतोजींची छडी आणि त्या ओसरीवर कुणाला बसू दिलं जात नसे, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण रीत कामाची होती. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी मुलांना वाळूत अक्षरं काढताना पाहिलं आणि तिथल्या अनाथालयात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली. ती 'मद्रास पद्धत' म्हणून विलायतेला गेली आणि तिथल्या गरिबांच्या शाळा तिच्यावर चालल्या. आज पुणे जिल्ह्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा 'विषयमित्र' नेमते, वेगवेगळ्या वयांची मुलं एकमेकांना शिकवतात, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा मान तिला मिळतो. आपण तिथे बसगाड्या भरून बघायला जातो. परत येऊन भिंती रंगवतो, कारण भिंतीचा फोटो काढता येतो.

आणि मुलाच्या पायाशी शाळा नेण्याची गोष्ट काढायची तर कोसबाड दूर नाही. गुरं राखायला जाणारी वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नावही कुरणशाळा. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीला शिकता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छपराखाली आणली. मूल गैरहजर का, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारला, मुलाच्या बापाला नंतर. ऊसतोडीच्या पोरांसाठी आपल्याकडे साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली. पण परतलेल्या पोराला एप्रिलात कुठल्या पानापासून सुरुवात करून द्यायची, हे अजून त्या एकट्या गुरुजींच्या अकलेवरच सोडलेलं आहे.

इथे एक धोका आहे आणि तो मला चांगला ठाऊक आहे. 'पैशाशिवायही शाळा सुधारते' असं कुणी लिहिलं की मंत्रालयात कुणाच्या तरी डोळ्यांत चमक येते. मग पद भरायची घाई नाही, खोलीचं पत्र्याचं छप्पर गळलं तरी चालेल, बालसखी बारावी झालेली चालते म्हणून शिक्षकही मानधनावर चालेल. आधीच वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा हे राज्याला ओझं वाटतं. २०२३ मध्ये त्या एकत्र करून 'समूहशाळा' काढण्याचा घाट घातला गेला. आकडा चौदा हजारांहून जास्त शाळांचा होता. पहिलीतलं पोर ओढा ओलांडून पाच किलोमीटरवरच्या सुसज्ज शाळेत कसं जाणार, याला उत्तर होतं बस. ज्या गावात एसटी मुक्कामाला येत नाही, तिथे.

शिक्षण हक्क कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या म्हणतो. ते दोघे दिल्याशिवाय, आणि दिलेले दोघे शाळेत राहू दिल्याशिवाय, पातळीनिहाय गट वगैरे सगळं कागदावरच राहणार. बालसखी शिक्षकाच्या जागी नव्हती, शिक्षकाच्या जोडीला होती. मीटरचं बिल हाही शिक्षणावरचाच खर्च आहे, आणि तो टीव्हीच्या आधीचा आहे. माझा राग वस्तूंवर नाही, क्रमावर आहे. आधी माणूस, मग त्याचा वेळ, मग मुलाच्या पातळीची पुस्तकं, आणि त्यानंतर भिंतीवर काय लावायचं ते लावा.

आपल्याकडे हे कुणाला कळत नाही असंही नाही. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या निर्णयाने पायाभूत चाचणी आणली, त्यामागे हेतू हाच होता की मूल कुठे आहे ते आधी बघा. साताऱ्याच्या कुमठे बीटातले वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०२१ मध्ये केंद्राचं 'निपुण भारत' आलं, तेही तिसरीपर्यंत वाचन आणि अंकगणित पक्कं करा, एवढंच सांगतं. कागद सगळे चांगलेच आहेत. पण चाचणी आली की तिचे गुण ऑनलाइन भरायचे आले, गुण भरायचे आले की शाळा 'प्रगत' दाखवायची आली, आणि मूल कुठे आहे हे शोधायला काढलेली चाचणी आपण कुठे आहोत हे झाकायला वापरली जाऊ लागली. शंभर टक्के प्रगत शाळेच्या दाराशी उभं राहून 'सूर्य' वाचून घ्या एकदा.

त्या दिवशी अकरा वाजता सरांनी घंटा दिली, तेव्हा मला वाटलं सुट्टी झाली. तिसरी ते पाचवीची मुलं उठली आणि चार ठिकाणी बसली. व्हरांड्यात अक्षरवाले, दाराशी शब्दवाले, खोलीत वाक्यवाले, आणि चिंचेखाली ज्यांना गोष्ट वाचता येते ते. पाचवीतला तो मुलगा शब्दवाल्यांत बसला. त्याच्या शेजारी तिसरीतली त्याची चुलतबहीण. ती यंदा आजीजवळ गावातच राहिली होती, म्हणून त्याच्या पुढे गेली होती. सरांनी फरशीवर खडूने लिहिलं : सूर्य, पर्वत, सर्प, दर्या. तिने त्याला रफाराचं गुपित तिच्या पद्धतीने सांगितलं, "वर बसलंय, पण आधी उतरतंय." तो दोनदा चुकला. 'दर्या' त्याला तिसऱ्या खेपेला आला आणि मग त्याने चारही शब्द उलटसुलट वाचून काढले. 'सर्प' वाचताना बहिणीला चिमटा काढला.

त्या तासात सरांचा फोन तांदळाच्या कोठीत असतो. कोठी पत्र्याची, आत रेंज येत नाही. बारा वाजता त्यांनी तो काढला, तांदूळ झटकले, आणि सतरा मेसेज खाली सरकवत सरकवत एकावर थांबले. शाळेतल्या डिजिटल साधनांचा दैनंदिन वापर किती मिनिटं झाला, ते विहित नमुन्यात तात्काळ कळवायचं होतं. सरांनी भिंतीवरच्या अभ्र्याकडे एकदा पाहिलं आणि अंगठ्याने टाइप केलं : निरंक.